कलाशिक्षकाची कायम नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार व्हावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या मॅडम सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये कलाशिक्षक आहेत, वय 39, नोकरी 2012 पासून, कायम. मिस्टरांचं स्टेशनरीचं दुकान, मुलगी सहावीत. सुट्ट्यांमध्ये आणि रात्री जागून त्या मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतात, गेल्या वर्षी त्यातून 1 लाख 10 हजार मिळाले, घरखर्चातला त्यांचा वाटा महिन्याला 38 हजार. राजीनामा देऊन पूर्णवेळ हेच करू का असं विचारताहेत, कारण "शाळेतून घरी आलं की हातात ब्रश धरायची ताकदच उरत नाही".

मी पण कलाशिक्षकच होते, एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) करून हायस्कूलला लागलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांच्या बॅचेस काढलेली. आता दहा वर्षांहून जास्त काळ मुलांच्या पुस्तकांची चित्रं हेच माझं उत्पन्न आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण या विषयावर लोक एकतर "स्वप्नांच्या मागे जा" म्हणतात नाहीतर "वेड लागलंय का" म्हणतात आणि दोन्हीतलं काहीच कामाला येत नाही.

मॅडम, यंदा राजीनामा देऊ नका. सोडायचंच असेल तर जरूर सोडा, मी सोडलं आणि मला त्याचं समाधान आहे, पण सोडायची तारीख तुमच्या थकव्याने ठरवू नका, ती कामाच्या ओघाने ठरू द्या. म्हणजे हातात इतकं काम यायला लागलं पाहिजे की शाळेमुळे ते परत पाठवावं लागतंय, आणि एकदा दोनदा नाही, वर्षभर. आज तुमची तशी परिस्थिती आहे का? 1 लाख 10 हजारावरून तरी मला वाटत नाही.

इतकं जपून का म्हणते, तर आपल्याकडे या नोकरीत परत यायला वाट नाहीये. आयटीवाला दोन वर्षं गिटार वाजवून परत कंपनीत जाऊ शकतो. शिक्षकाला परत यायचं तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (सरकारची ऑनलाइन शिक्षक भरती), सगळं पहिल्यापासून, आणि वयाची अट खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. म्हणजे तुम्ही खुल्या प्रवर्गातल्या असाल तर ते दार आत्ताच बंद आहे. आणि समजा एखादं दार उघडलंच तरी परत 3 वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी मानधनावर, 2023 मध्ये मानधन वाढवलं तरी माध्यमिकला ते महिन्याला 18 हजारच आहे. त्यात कलाशिक्षकाची जागा एकदा रिकामी झाली की ती भरली जाईलच याची खात्री कुणी देत नाही, संचमान्यतेचं, म्हणजे पटसंख्येवरून जागा मंजूर होण्याचं, तुम्हाला मी काय सांगणार. तुम्ही गेल्यावर त्या शाळेतल्या मुलांना कदाचित चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ तास होऊन बसेल. हे तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाहीये, पण हा विचार सोडल्यानंतर येतोच येतो, तेव्हा आधीच करून टाकलेला बरा.

1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा निकाल आला, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला 5 वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही 2 वर्षांत टीईटी पास व्हावं असा. तेव्हापासून मला ओळखीच्या कितीतरी सर-मॅडमचे फोन आले की या वयात परीक्षा देण्यापेक्षा सोडूनच देतो आणि लिखाण नाहीतर पेंटिंग करतो. त्यांना मी सांगते तेच तुम्हाला, रागावून सोडलेल्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी राग शिल्लक नसतो, महिन्याचा हप्ता मात्र शिल्लक असतो. परीक्षा देऊन टाका. सोडायचा निर्णय त्याच्याशी जोडू नका.

आता थकव्याचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतंय. तुम्हाला नेमकं काय थकवतंय? शिकवणं थकवत असेल तर गोष्ट वेगळी. पण कलाशिक्षकाचा दिवस मला माहितीय. कोणी रजेवर गेलं की बदली तास पहिला आपल्याला, कारण "चित्रकलेचं काय, कधीही होईल". रोजचं फलकलेखन आपण. स्नेहसंमेलनाचं नेपथ्य आपण. प्रमाणपत्रांवरची नावं आपण, कारण अक्षर चांगलं. मतदार जनजागृतीची रांगोळी आपण, पाहुणे आले की स्वागताचा फळा आपण, संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा बॅनरसुद्धा आपण. आणि हे सगळं हाताचं काम असतं मॅडम, म्हणजे जो हात रात्री पुस्तकासाठी लागणार आहे तोच दिवसभर थर्माकोल कापत असतो. यातलं निम्मं काम नियमात कुठेच नाही. मुख्याध्यापकांशी शांतपणे बोलून यातली दोन-तीन कामं तरी दुसऱ्याकडे द्या, प्रमाणपत्रांची नावं प्रिंट करता येतात, नेपथ्याला दहावीच्या पोरांची टीम करता येते आणि त्यांना ते आवडतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वेळ बदलल्याचा. मी रात्रीचं काम बंद करून पहाटे पाच ते सात करायला लागले. शाळेच्या आधीचा हात वेगळाच असतो. सहा महिने असं करून बघा आणि मग सांगा की ताकद उरत नाही की नाही. बऱ्याच जणांना नोकरी सोडायची नसते, नोकरीतला हा असला भार सोडायचा असतो, आणि ते कळायला वेळ द्यावा लागतो.

तरीही सोडायचंच ठरलं तर कागदपत्रांचं आधी बघा. यात माणसं फार फसतात, त्यामुळे इथे मी जरा जास्त लिहिणार आहे.

2012 म्हणजे तुम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्या, जुनी पेन्शन तुम्हाला नाही, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे. आणि "एनपीएसचे पैसे येतील, त्यावर दोन वर्षं काढू" हा हिशोब मी खूप जणांच्या तोंडून ऐकलाय. तो चुकीचा आहे. सरकारी योजनेतून साठीच्या आधी बाहेर पडलं तर जमलेल्या रकमेतले 80 टक्के ॲन्युइटीत (ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) घालावे लागतात, हातात 20 टक्के येतात. रक्कम अगदी लहान असेल तरच सगळी मिळते. त्यापेक्षा खातं बंद न करता सर्वसामान्य नागरिक म्हणून पुढे चालू ठेवता येतं, तेच करा, ती तुमची म्हातारपणाची पुंजी आहे, तिला हात लावायचाच नाही असं धरून चला.

हे वाचणारे जे 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीचे आहेत त्यांच्यासाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. तुम्ही राजीनामा देऊच नका. पेन्शन नियम 1982 मधल्या नियम 46 प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जाते, पेन्शनसाठी ती शून्य धरतात. त्याऐवजी नियम 66 आहे, 20 वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झाली की 3 महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन राहते. 2005 च्या आधी लागलेल्यांची 20 वर्षं एव्हाना झालेली आहेत किंवा अगदी टप्प्यात आहेत. फक्त सेवापुस्तक उघडून बघा की अर्हताकारी सेवा प्रत्यक्षात किती मोजलीय, बिनपगारी रजेचे तुकडे, मान्यतेची तारीख, शाळा तेव्हा शंभर टक्के अनुदानावर होती का, या सगळ्याने फरक पडतो. वेतन पथकात (शाळांचे पगार काढणाऱ्या सरकारी कार्यालयात) जाऊन लेखी विचारा. चहा पिता पिता क्लार्कने सांगितलेलं पुढे कुठेच चालत नाही.

विनाअनुदानित किंवा इंग्लिश मीडियम शाळेतल्यांना ग्रॅच्युइटीचं सांगते. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 2009 च्या दुरुस्तीने तो 3 एप्रिल 1997 पासून दिला आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. 5 वर्षं सलग सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी ती मिळते. शाळा आपणहून सांगेल याची वाट बघू नका, अर्ज द्या.

राजीनाम्याची पद्धत: तुमच्यासारख्या खासगी शाळांतल्या कायम शिक्षकांना 1977 चा कायदा आणि 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. पत्राच्या दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने संस्थेला (वेगळं रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं), एक आपल्याजवळ. कायम असाल तर 3 कॅलेंडर महिन्यांची नोटीस. आणि लोकांना माहिती नसतं ते असं की नोटीसच्या काळात दीर्घ सुट्टीचा कुठलाही भाग येता कामा नये आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. म्हणजे "मार्चमध्ये नोटीस देते, मे महिन्याचा सुट्टीतला पगार घेते आणि जूनला मोकळी" हे बसत नाही. व्यवहारात चांगला काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. जानेवारीत नोटीस दिली तर मुलांचं वर्षही अर्ध्यात मोडत नाही.

पतसंस्था! हे कुणी विचारातच घेत नाही. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असेल तर तुमचे जामीनदार तुमचेच सहकारी आहेत, तुमचा पगार थांबला की वसुली त्यांच्या पगाराकडे वळते. कर्ज आधी फेडा. आणि तुम्ही कुणाला जामीन असाल तर त्यांनाही आधी सांगा, त्यांना दुसरा जामीनदार शोधावा लागणार. मेडिक्लेम नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या आजारांना 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो आणि नोकरी गेली की वैद्यकीय प्रतिपूर्तीही गेली. घराचं कर्ज काढायचं मनात असेल तर तेही पगाराची स्लिप असेपर्यंत.

आता पैसे. 38 हजार गुणिले 12 म्हणजे 4 लाख 56 हजार. त्यात मेडिक्लेम, म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे, कागद, रंग, स्कॅनर, सॉफ्टवेअर, पुण्या-मुंबईच्या खेपा धरा, साडेपाच-सहा लाखाच्या खाली मला तरी हिशोब बसताना दिसत नाही. आज तुम्ही 1 लाख 10 हजारावर आहात. तुम्ही म्हणाल वेळ चौपट मिळेल तर उत्पन्नही चौपट होईल. तसं होत नाही. वेळ तुमच्याकडे असतो, काम मात्र लोकांकडून यायचं असतं आणि लोकांना तुमची ओळख व्हायला वर्षं लागतात. पहिल्या ईमेलपासून पुस्तक छापून येईपर्यंत वर्ष सहज जातं, कधीकधी दोन. त्यातून पूर्णवेळ झालात तरी निम्मा वेळ चित्र काढण्यात जात नाही, तो जातो कोटेशन, करेक्शन, "मॅडम तो आकाशाचा निळा जरा अजून निळा करता का", बिलाची आठवण, परत बिलाची आठवण, यात.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना असं सांगते की नोकरीत राहूनच चित्रांचं उत्पन्न तुमच्या वाट्याच्या निम्म्यावर, म्हणजे सव्वादोन लाखाच्या पुढे जाऊ द्या, लागोपाठ दोन वर्षं. पैसे देणारे किमान तीन वेगळे हवेत, एकच प्रकाशक असेल तर ती नोकरीच झाली, फक्त पगारी रजेशिवायची. आणि दोन वर्षांचा तुमचा वाटा, म्हणजे 9 लाख 12 हजार, एफडीत वेगळा, मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना न मोजता. हे मोठं वाटेल, पण दुकानाचं उत्पन्न पण महिन्याला वरखाली होणारंच आहे, दोघांचंही बेभरवशाचं झालं तर चित्र काढताना डोक्यात फक्त लाइट बिल येतं आणि ते चित्रात उतरतं, खरंच उतरतं.

मधला एक रस्ता पण आहे. बिनपगारी रजा मागून बघा, चार-सहा महिन्यांची, मंजूर करणं न करणं संस्थेच्या हातात आहे पण मागायला काय जातंय. मिळाली तर ते महिने फक्त चित्रांच्या पैशावर काढायचे, साठवलेल्याला हात लावायचा नाही. त्यात जे कळेल ते माझ्या या सगळ्या लिहिण्याने कळणार नाही.

नोकरीत असताना बाहेरची चित्रं काढलेली चालतात का, हे पण नेहमी विचारतात. शाळेचं काम न बिघडवता अधूनमधून केलेलं साहित्यिक-कलात्मक काम सेवानियमांना साधारण मान्य असतं, तरी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेला एक पत्र देऊन ठेवा आणि पोच घ्या. खासगी शिकवण्या मात्र नकोत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 मध्ये त्याला थेट मनाई आहे. सोडल्यावर ग्रेड परीक्षांचे शनिवार-रविवारचे वर्ग जरूर घ्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क वाढतात त्यामुळे पालक पाठवतात, आणि पहिली दोन वर्षं त्या फीचा मोठा आधार होतो.

वि. स. खांडेकरांचं उदाहरण मला या बाबतीत फार महत्त्वाचं वाटतं. 1920 ते 1938 ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, कोकणातलं लहानसं गाव, तुटपुंजा पगार, आणि त्याच काळात त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. 1936 पासून सिनेमाचं लेखन सुरू झालं, आणि त्यानंतर 1938 मध्ये ते शिरोडं सोडून कोल्हापूरला गेले. म्हणजे कामाने आधी जागा तयार केली आणि मग माणूस हलला. ते शिरोड्यात बसून "वेळ मिळाला की लिहीन" म्हणत राहिले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

आणि आता जी गोष्ट तुम्ही स्वतः मोजतच नाही आहात ती. प्रकाशकांकडे आज अप्रतिम हात असलेली तरुण मुलं येतात, मुंबईच्या जे. जे. मधून, पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून, अहमदाबादच्या एनआयडीतून. त्यांचं ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं असतं. पण त्यांनी काढलेला वर्ग बघा, सगळी पोरं ताठ बसलेली, हसरी, फळ्याकडे बघणारी. खरा वर्ग तुम्हाला माहितीय. एकजण कायम एक पाय मुडपून त्यावर बसलेला असतो कारण बाक त्याला बसका पडतो. दप्तराचा एक पट्टा तुटून तिथे गाठ मारलेली असते. रंगवताना जीभ बाहेर. मुलगी वेणी परत घालताना रिबिनीचं टोक दातात धरते. पावसाळ्यात सगळ्यांच्या पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला चिखलाचे ठिपके असतात, स्लीपरमुळे मागून उडालेले, आणि पुढून पाय स्वच्छ. खिचडीच्या रांगेत निम्म्यांची ताटं डोक्यावर असतात. मी एका पुस्तकात ते पोटऱ्यांवरचे ठिपके काढले होते, तेव्हा संपादक बाईंनी फोन करून विचारलं की हे तुम्हाला कसं सुचलं. सुचलं कुठे, रोज बघितलंय, परिपाठाला मागे उभं राहून.

हे भांडवल आहे आणि ते तुम्ही आत्ता, पगार घेत, रोज जमा करू शकता. मधल्या सुट्टीत दहा मिनिटं, लहान स्केचबुक, पेन्सिल, बस. फोटो काढू नका, फोटोत ठिपके येतात पण बघायची सवय लागत नाही, आणि मुलांचे फोटो असे जवळ ठेवूही नयेत. एक अजून, हे भांडवल सोडल्यावर शिळं होतं. चार-पाच वर्षांत चपला बदलतात, डबे बदलतात, खेळ बदलतात, पोरांची उभं राहायची ढब सुद्धा बदलते. मी म्हणूनच दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुलांबरोबर चित्रं काढते, मानधन मिळो न मिळो, ते माझ्या कामाचा भागच आहे.

सोडल्यानंतरच्या दिवसाबद्दल थोडं. शाळेत घंटा असते, 35 मिनिटांनी काहीतरी संपतं आणि काहीतरी सुरू होतं. घरी घंटा नसते आणि बाईला तर नसतेच नसते, "तू घरीच असतेस ना" म्हणून गॅसचा सिलिंडर, बँकेचं काम, गावाकडचे पाहुणे, सासऱ्यांची डॉक्टरची वेळ, सगळं तुमच्याकडे सरकतं. कुणाचा वाईट हेतू नसतो. घराबाहेर जागा करा. मिस्टरांच्या दुकानाला माळा असेल तर तिथे टेबल टाका आणि दहा ते पाच तिकडे जा, डबा घेऊन. घरातल्यांना कामाला जाणारी बाई दिसली पाहिजे. आणि स्टाफरूम आठवते, याची तयारी ठेवा, दिवसभर कुणाशी बोलणं नाही हे सुरुवातीला फार जड जातं. चित्रकारांचा, लेखकांचा एखादा ग्रुप धरा, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटणारा.

करार. प्रकाशक चांगला असला तरी कागद वाचायचा. "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं वाक्य असेल तर विचारायचं की कशासाठी, किती वर्षं, कोणत्या भाषांसाठी. कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कोरी जागा सोडलेला करार कधीकधी तुमच्या फायद्याचा असतो, पण त्यावर विसंबून राहण्यापेक्षा स्पष्ट लिहून घेतलेलं चांगलं. मूळ कागदावरची चित्रं परत तुमच्याकडे येणार हे लिहून घ्या. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, निदान आतल्या पहिल्या पानावर. पैसे तीन टप्प्यांत, करार झाल्यावर, रफ मंजूर झाल्यावर, फायनल दिल्यावर. "छापून आल्यावर" हा टप्पा मी मान्य करत नाही, छापायला उशीर झाला तर त्यात माझा काय दोष. करेक्शनच्या किती फेऱ्या ते पण ठरवा, दोन पुरेत. टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, 10 टक्के कापून येतो, तो आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतोय का बघा आणि रिटर्न भरा. नाहीतर ते पैसे तिकडेच पडून राहतात.

एआयचं विचारलं नाहीत तरी सांगते. "दहा चित्रं पटकन हवीत, साधीच" या प्रकारचं काम माझ्याकडे येणं जवळपास थांबलंय, वर्कशीटसाठी, ॲपसाठी वगैरे जे यायचं ते. त्यावर घर चालवायचा विचार करत असाल तर करू नका. ज्या प्रकाशकांना मुलांच्या पुस्तकाची काळजी आहे ते अजून माणूसच शोधतात, आणि त्यातही ज्याने मूल नीट बघितलंय असा माणूस.

येत्या मे महिन्यात एकच काम घ्या. एक गोष्ट निवडा आणि 24 पानांची डमी (पुस्तकाची नमुना प्रत) करा, 24 कारण छपाईचे फॉर्म (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) 8-16 पानांचे असतात आणि 22 किंवा 27 पानांचं पुस्तक घेऊन गेलात की संपादकाला कळतं की माणूस नवीन आहे. आधी अगदी काड्यापेटीएवढी थंबनेल सगळ्या पानांची एकाच कागदावर, मग पूर्ण आकाराचे रफ, मग फक्त दोन जोडपानं फायनल रंगात, सगळी नाही. जोडपानावर चेहरा मधल्या घडीत जाऊ देऊ नका, बाइंडिंग झालं की नाकच गायब होतं. पानाच्या कडेला 3 मिमी ब्लीड (कापण्यात जाणारं जादा चित्र) सोडा, 300 डीपीआयला स्कॅन करा, आणि एक प्रिंट काढून बघा कारण स्क्रीनवरचा पोपटी आणि केशरी कागदावर मळका येतो. मराठीत काय काय छापलं जातंय ते बघायला स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पुस्तकं फुकट वाचता येतात, ज्योत्स्ना प्रकाशनची, एकलव्य, तूलिकाची पुस्तकं दुकानात उभं राहून चाळा, बालभारतीचं 'किशोर', 'चिकूपिकू', 'वयम्' ही मासिकं बघा. दिवाळी अंकांची चित्रं जुलै-ऑगस्टमध्ये वाटली जातात, तेव्हा जूनमध्येच नमुने पोहोचले पाहिजेत.

आणि पाठवायच्या आधी, शाळा सुरू झाली की, ती डमी पाचवीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. कोणत्या पानाला पोरं पुढे सरकतात आणि कोणत्या पानाला खिडकीबाहेर बघायला लागतात ते तिथल्या तिथे त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा, ती पानं दुरुस्त करा, आणि मग पाठवा.